पुस्तकातलं 'थंड' वहीत चुकतं कसं?

माझी भाची पुण्यात चिनी शिकते. मध्यंतरी तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पानभर एकच अक्षर वीस वेळा गिरवलेलं: 'थंड' या अर्थाचं, उच्चार साधारण 'लंग'. आणि वीसच्या वीस अक्षरांभोवती बाईंचे लाल गोल. खाली शेरा : 'हे छापील झालं. लिहायचं असं नसतं.'

भाचीचा मुद्दा बिनतोड होता. 'मामा, फोनवर बघून जसंच्या तसं काढलंय. एक रेघ इकडची तिकडे नाही. मग चुकलं कुठे?'

नक्कल अचूक होती, हे खरं. घोळ नेमका त्या अचूकपणातच होता. आणि या घोळात ती एकटी नाही, एकदा अख्खा जपान त्यात सापडला होता.

एका अक्षराचे दोन पाय

१ एप्रिल २०१९ ला जपान सरकारने नव्या सम्राटाच्या कालखंडाचं नाव जाहीर केलं : 'रेइवा'. तेव्हाचे मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव योशिहिदे सुगा यांनी कुंचल्याने लिहिलेला फलक कॅमेऱ्यांसमोर धरला. जपानी लिपीतली ही अक्षरं चीनमधूनच आलेली. त्यांतलं पहिलं, 'रेई', म्हणजे 'आज्ञा'. फलक बघून कित्येकांच्या मनात एकच प्रश्न आला : हे आपण शाळेत शिकलो तसं का नाही?

या अक्षराचा वरचा भाग सगळीकडे सारखाच. दोन तिरक्या रेघांचं छप्पर आणि त्याखाली छोटी आडवी रेघ किंवा ठिपका. भानगड खालच्या भागात आहे. जपानी छपाईत तिथे काटकोनात वळलेली रेघ असते आणि तिच्या डावीकडून एक सरळ पाय खाली उतरतो. इंग्रजी 'पी'चं पोट जरा टोकदार केलं तर जसं दिसेल, साधारण तसं. शाळेत मात्र मुलं ती रेघ वळवून डावीकडे तिरकी खाली आणतात आणि तिच्या टोकाशी एक तिरका ठिपका देतात. सरळ पाय नाहीच. फलकावर होता पायवाला, शाळेत होता ठिपकेवाला.

उत्तर असं होतं की दोन्ही बरोबर. आणि ते तीन वर्षं आधीच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिथल्या संस्कृती खात्याच्या मार्गदर्शिकेत छापून झालं होतं. नेहमीच्या वापरातल्या २,१३६ अक्षरांची छापील आणि हाताची रूपं तिच्यात शेजारी शेजारी दाखवली आहेत. अशी मार्गदर्शिका काढावी लागली, कारण सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत खिडकीमागची माणसं लोकांना स्वतःचं नाव पुन्हा लिहायला लावत होती : 'छापील अक्षरासारखं लिहा.' आपल्या रस्त्यांवर जे आडनाव गाड्यांवर फिरतं, त्या सुझुकीतलं पहिलं अक्षर 'घंटी'चं. त्याच्या उजव्या अंगाला हेच 'आज्ञा' आहे. भाचीच्या 'थंड'मध्येही तेच : डावीकडे बर्फाचे दोन थेंब, उजवीकडे 'आज्ञा'. तिने काढला होता पायवाला, बाईंना हवा होता ठिपकेवाला.

आधी 'रेघ' म्हणजे काय

चिनी अक्षर रेघांनी बनतं. कुंचला कागदाला टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटतं ती एक रेघ, मग ती मध्ये दोनदा वळलेली का असेना. चौकोनी 'तोंड' या अक्षराला चार बाजू आहेत, पण रेघा तीनच. वरची आणि उजवी बाजू एका दमात, वळून काढतात.

रेघांच्या जाती मोजक्या : आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरणारी, ठिपका, वर उचललेली, आकडा असलेली, वळलेली. 'चिरंतन' या अर्थाचं 'योंग' नावाचं एक अक्षर आहे, त्यात या आठही हाताळण्या येतात. म्हणून सुलेखनाची सुरुवात परंपरेने त्याच्यापासून होते, आणि ही परंपरा चौथ्या शतकातल्या वांग शीझी या थोर सुलेखनकाराशी जोडली जाते. गंमत म्हणजे आजच्या मोजणीने 'योंग'मध्ये रेघा पाचच. आठ प्रकारची हालचाल आणि रेघा पाच, कारण एकाच रेघेत हात आडवा जातो, वळतो, खाली येतो आणि आकडा मारतो. छापील अक्षर बघून ही हालचाल कळत नाही. दिसतात ते फक्त तिचे माग.

आधी कुंचला, मग सुरी

आपल्याला वाटतं, छापील अक्षर म्हणजे मूळ आणि हातचं म्हणजे त्याची बरीवाईट नक्कल. इथे क्रम उलटा आहे. आज चिनी वळणदार हस्ताक्षराचा जो नमुना मानतात, त्याला 'काईशू' म्हणतात. तो थांग राजवटीत, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान, पक्का झाला. आज पुस्तकांत दिसणारं छापील वळण घडलं त्यानंतर कित्येक शतकांनी, मिंग राजवटीत, १३६८ ते १६४४ या काळात. चीनमध्ये त्याला 'सोंग' वळण म्हणतात, तर जपानमध्ये 'मिन्चो', म्हणजे मिंग राजवटीचं. बारशाच्या बाबतीत जपान्यांचा हिशोब जास्त चोख.

हे वळण घडवलं ते लाकडाने. छपाईसाठी नासपती किंवा चिनी बोरीच्या लाकडाची फळी घ्यायची. लेखनिकाने पातळ कागदावर मजकूर लिहायचा, तो कागद फळीवर पालथा चिकटवायचा आणि मग कोरक्याने अक्षर सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. आता सरपण फोडणारा कोणीही सांगेल की शिरेबरोबर लाकूड झटकन फुटतं, शिरेच्या आडवं जाताना जीव जातो. फळीत शिरा आडव्या धावत असत. त्यामुळे आडवी रेघ शिरेच्या बाजूने जाते, बारीक ठेवली तरी टिकते. उभी रेघ शिरा तोडत जाते. ती बारीक ठेवली तर टवका उडतो. म्हणून उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक.

शिवाय कोरक्याला पानामागून पान उरकायचं असे. कुंचल्याची आडवी रेघ उजवीकडे जाताना किंचित वर चढते, हाताची ती नैसर्गिक चाल आहे. सुरीने ती पट्टी लावल्यासारखी सपाट झाली. रेघेच्या शेवटी कुंचला दाबून थांबतो तेव्हा तिथे लहानशी गाठ येते. ती गाठ सुरीने दोन घावांत उरकली आणि तिचा त्रिकोण झाला. चिनी किंवा जपानी पुस्तक जवळ धरून पाहा : प्रत्येक बारीक आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला हा चिमुकला त्रिकोण बसलेला असतो. जपानी छपाईवाले त्याला 'उरोको' म्हणतात, माशाचा खवला.

तर हा खवला पेनाने काढणारा विद्यार्थी नक्की काय करतो आहे? तो सुरीच्या खुणा शाईने गिरवतो आहे.

पुढे फळीऐवजी धातूचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, आले तरी वळण तेच राहिलं. (सुटे खिळे चीनला नवे नव्हते. अकराव्या शतकात बी शंग याने भाजलेल्या मातीचे खिळे केले होते, पण हजारो अक्षरांच्या लिपीला अखंड कोरलेली फळीच परवडायची.) अमेरिकी मिशनच्या शांघायमधल्या छापखान्यात काम केलेले विल्यम गँबल १८६९ मध्ये नागासाकीला गेले आणि त्यांनी मोतोगी शोझो यांना खिळे ओतण्याची कला शिकवली. जपानी छपाईचा 'मिन्चो' तिथून फोफावला. या गोष्टीला आपल्याकडचाही एक धागा आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला, जिथे विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं, तिथेच त्यांचे सहकारी जोशुआ मार्शमन यांनी धातूचे सुटे चिनी खिळे वापरून चिनी बायबल छापलं. ते १८२२ मध्ये पूर्ण झालं. हुगळीच्या काठावर मराठी आणि चिनी मजकूर एकाच छापखान्यातून निघत होता.

पण पाय आणि ठिपका हा सुरीचा दोष कसा?

रास्त शंका. जाडी-बारकी आणि खवले ही हत्याराची करणी झाली. 'आज्ञा'चा पाय मात्र रचनेतलाच फरक आहे. त्याचं कारण वेगळं.

१७१६ मध्ये सम्राट कांग्शीच्या हुकमाने एक प्रचंड शब्दकोश पुरा झाला. त्यात ४७ हजारांहून जास्त अक्षरं. अक्षराचं छापील रूप कोणतं, हे ठरवताना पुढचे छापखाने त्याच्याकडे बघू लागले. कोशकार मंडळी विद्वान, त्यांचा ओढा अक्षराच्या व्युत्पत्तीकडे. प्राचीन मोहरांवर जसं होतं त्याच्या जवळचं रूप त्यांना शुद्ध वाटे. 'आज्ञा'च्या तळाशी मुळात गुडघे टेकून बसलेला माणूस आहे, पायवालं रूप त्याच्या जवळ जातं. लिहिणाऱ्या हाताला त्या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने शतकानुशतकं जे सोपं पडलं ते केलं. मग कोशात एक रूप आणि हातात दुसरं, असे दोन संसार शेजारी शेजारी चालू राहिले. पायवालं रूप कुंचल्याने कधीच लिहिलं गेलं नाही, असंही नाही. सुगांच्या हातातला फलकच बघा.

हे विचित्र वाटत असेल तर पहिलीच्या मुलाचं इंग्रजी पुस्तक उघडा. छापलेल्या छोट्या 'ए'च्या डोक्यावर वाकलेली टोपी असते आणि 'जी' चष्म्यासारखा दुमजली असतो. वहीत मूल गोल 'ए' आणि शेपटीवाला 'जी' काढतं. दोघांची रचनाच निराळी, तरी आपण कधी तक्रार करत नाही, कारण लहानपणीच डोळ्याला एक आणि हाताला दुसरं शिकवलेलं असतं. चिनीत असं अक्षरामागून अक्षर आहे, एवढाच काय तो फरक.

'चालणं' दाखवणारा जो भाग अक्षराला डावीकडून खालून कवेत घेतो, तो हाताने लिहिताना मध्ये लाटेसारखा वळसा घेतो. छपाईत ती लाट सपाट होते. जुन्या छापील रूपात त्याच्यावर दोन ठिपके, हातच्या रूपात एकच. 'बोलणं' या अक्षराची सगळ्यात वरची रेघ जपानी छपाईत आडवी पडलेली, हाताने लिहिताना पुष्कळदा नुसता तिरका ठिपका. जपानी छापील 'धागा' बघून रेघा मोजल्या तर सहज आठ भरतात. आहेत सहा, कारण एका दमात वळणारी रेघ छपाईत दोन तुकड्यांची दिसते. हा शेवटचा फरक महागात पडतो. चिनी-जपानी कोशात अक्षर शोधण्याची एक जुनी पद्धत रेघांच्या संख्येवर चालते. संख्या चुकली की तुम्ही भलत्याच पानावर.

चीनने छपाईच हाताकडे वळवली

जपानने छापील रूप तसंच ठेवलं आणि 'हाताचं वेगळं चालेल' असं सांगितलं. चीनने दुसरी वाट धरली. १९६५ मध्ये तिथे छपाईच्या ६,१९६ अक्षरांचा तक्ता निघाला आणि त्यात छापील रूपं हस्ताक्षराच्या जवळ आणली. म्हणून आजच्या चिनी पुस्तकात 'आज्ञा' ठिपकेवालं छापतात. तैवाननेही १९८२ मध्ये ४,८०८ नेहमीच्या अक्षरांची प्रमाण रूपं ठरवताना हाताच्या वळणालाच मान दिला. तिघांनी आपापल्या मताने वागल्यावर व्हायचं तेच झालं. 'हाड' या अक्षराच्या वरच्या चौकटीत एक लहान कोपरा असतो. चीनमध्ये तो डावीकडे, जपानमध्ये उजवीकडे. रेघा चीनमध्ये नऊ, जपानमध्ये दहा. हाड एकच.

१९५६ पासून चीनने जी अक्षरं सोपी केली, त्यांतली बरीच मुळात घाईच्या हस्ताक्षरातूनच उचलली आहेत. 'गाडी' सात रेघांची होती, चारची झाली. 'घोडा' दहावरून तीनवर आला. त्याचे चार पाय म्हणून जे चार ठिपके होते, ते भरभर लिहिताना कधीच एका आडव्या रेघेत वितळले होते. सरकारने त्या रेघेला राजमान्यता दिली.

म्हणजे चीनमध्ये छापील आणि लिखित एक झालं का? छे. खवले आणि जाड-बारीक तसंच आहे, आणि घाई तर कोणत्याच तक्त्याला जुमानत नाही. पाण्याचे तीन थेंब एका झटक्यात उतरतात, चौकोनी 'तोंड' गोलसर होतं, शेजारच्या रेघा एकमेकींना पकडून चालतात. या चालत्या वळणाला 'शिंगशू' म्हणतात, आणि मोठी माणसं चिठ्ठ्याचपाट्या त्यातच लिहितात. आपल्याला हे समजायला जड नाही. बालबोध वाचायला आणि मोडी लिहायला, असा व्यवहार महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालला. बोरू न उचलता ओळ संपवणाऱ्या कारकुनाला शिंगशूचं मर्म लगेच कळलं असतं. आणि मोडी न शिकलेल्याला आजोबांचं दफ्तर जसं अगम्य, तसंच पुस्तकी चिनी शिकलेल्याला बेजिंगच्या दुकानदाराची पावती.

चीनमधल्या स्वस्त खानावळींच्या पाट्यांवर 'जेवण' हे सोळा रेघांचं अक्षर कधीकधी पाच रेघांत उरकलेलं दिसतं. १९७७ मध्ये अशा आणखी सोप्या रूपांची एक यादी सरकारने काढली होती, १९८६ मध्ये ती मागे घेतली. पाटी रंगवणाऱ्याने मात्र मागे घेतली नाही.

मग काहीही लिहिलं तरी चालतं?

नाही. कोणता फरक अर्थ बदलतो आणि कोणता नुसतं रूप, हे ओळखणं हीच खरी शिकण्याची गोष्ट.

'झाड'च्या उभ्या रेघेला तळाशी आकडा द्यायचा की नाही? यावरून जपानी शाळांत गुण कापले जात. २०१६ ची मार्गदर्शिका म्हणते, दोन्ही चालतं. 'आकाश'च्या दोन आडव्या रेघांपैकी वरची लांब की खालची? जपानी छपाईत वरची लांब, हाताने पुष्कळजण खालची लांब काढतात. चालतं. पण 'माती' आणि 'विद्वान' या दोन अक्षरांत रेघा त्याच तीन, जागा त्याच. खालची आडवी लांब असली तर माती, वरची लांब असली तर विद्वान. 'अजून नाही' आणि 'शेवट' यांच्यातही तेवढाच फरक. तिथे चुकलात तर शब्दच बदलला.

आपल्याकडे 'ल'चं पोट कोणी कसंही काढो, 'ल' तो 'ल'च राहतो. पण 'घ' आणि 'ध' किंवा 'म' आणि 'भ' यांच्यात डोक्यावरची रेघ कुठे तुटते यावर सगळा खेळ. 'घन'चं 'धन' व्हायला काय वेळ लागतो?

फोनने नक्की काय केलं

आता भाचीच्या वहीकडे. ती तर चिनी शिकते, मग तिला जपानी वळणाचं पायवालं 'थंड' मिळालं कुठून?

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या या क्रमांकांच्या यादीला युनिकोड म्हणतात. चिनी, जपानी आणि कोरियन वापरातलं एकच अक्षर थोड्याफार फरकाने वेगळं दिसत असलं, तर त्या सगळ्या रूपांना मिळून बहुधा एकच क्रमांक दिलेला आहे. डाव्या कोपऱ्याचं हाड आणि उजव्या कोपऱ्याचं हाड, क्रमांक एकच. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. आणि भारतात घेतलेल्या, चिनी भाषा न निवडलेल्या फोनने कोणता फॉन्ट उचलावा, हे पुष्कळदा नशिबावर. भाचीच्या फोनने जपानी उचलला.

हा अनुभव मराठी माणसाला रोजचा आहे. आपला पाकळ्यांचा 'ल' आणि गाठीचा 'श' फोनवर हिंदी वळणाचे होऊन येतात, आणि आपण चडफडतो. तिथेही अक्षराचा क्रमांक एकच, फॉन्ट दुसऱ्याच्या सवयीचा. जपानमध्ये तर लोकांची आडनावंच बदलली. २००४ मध्ये तिथल्या संगणकीय प्रमाणात १६८ अक्षरांची रूपं बदलली, आणि २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ती स्वीकारली. 'त्सुजी' आडनावाच्या माणसांच्या नावातल्या 'चालण्या'वर एक ठिपका होता, नव्या संगणकावर दोन दिसू लागले.

गिरवायचं कशावरून

चीनमधली प्राथमिक शाळेची पुस्तकं या खवलेवाल्या वळणात छापतच नाहीत. त्यांच्यासाठी 'काईती' हा काईशूवर बेतलेला फॉन्ट असतो, जपानमध्ये तसंच 'पाठ्यपुस्तकी' वळण असतं. आडवी रेघ किंचित चढलेली, शेवटी दाब, आकडे जागच्या जागी. मोबाइलवर कोश वापरणाऱ्यांनी आधी सेटिंगमध्ये जाऊन चिनी भाषा पसंतीच्या यादीत टाकावी, आणि गिरवण्यापुरतं अक्षर काईतीत बघावं. वाचनासाठी सोंग वळण उत्तम आहे. लहान आकारात ते डोळ्याला सोपं जातं, आणि त्याचा जन्म त्याच कामासाठी आहे.

भाचीने भाषा बदलली, फॉन्ट बदलला आणि 'थंड' पुन्हा वीस वेळा लिहून फोटो पाठवला. ठिपका जागेवर आहे. आडव्या रेघेच्या टोकाला मात्र अजून ती त्रिकोण काढते. विचारलं तर म्हणाली, 'राहू दे मामा, छान दिसतो.'